छोटी खोली चालेल

सिंगापूरच्या बिशान भागातल्या आमच्या फ्लॅटचा करार मार्चमध्ये संपणार होता आणि माझी मैत्रीण त्याबद्दल काही बोलत नव्हती. पुढेही राहणार का, असा घरमालकाचा मेसेज दोघींनाही आला होता. ती भांडी घासत असताना, कपडे वाळत घालत असताना मी विषय काढायला जायचे आणि भलतंच काहीतरी विचारून परत यायचे. तांदूळ संपलेत का. एसी साफ करणारा कधी येणार. त्यामुळे तिने जपानच्या उत्तरेला जाऊन बर्फात एक रात्र राहायची टूम काढली, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. बर्फाचं मला काही विशेष नव्हतं. मला वाटलं, जिथे तिसरं कोणीच नाही अशा ठिकाणी तरी तिला विचारता येईल की पुढेही एकत्र राहायचं ना.

खरं तर एका फ्लॅटचाच प्रश्न होता. सिंगापूरमध्ये माणसं सारखी घरं बदलतात. पण ऑफिसात माझा दिवस स्क्रीनसमोर जायचा, जेवायला मी खाली स्टॉल्सच्या रांगा असलेल्या हॉकर सेंटरमध्ये एकटी जायचे, बोट दाखवून ताट मागायचे. संध्याकाळी घरी आल्यावर जे बोलायचे तेच माझं दिवसभराचं बोलणं. ते सगळं तिच्याशीच होतं, आणि मराठीत होतं. आईशी फोनवर मी आजही निम्मं इंग्रजी बोलते. मला इंग्रजी चांगलं यावं म्हणून लहानपणी घरात सगळे मुद्दाम इंग्रजी बोलायचे, शाळेत मराठी ही तिसरी भाषा होती, पाठ करून पास होण्यापुरती.

फ्लॅटमध्ये राहायला आले त्या पहिल्या संध्याकाळी बराच वेळ मनात जुळवाजुळव करून मी तिला विचारलं होतं, “आम्ही खाली जेवायला जाऊया का?”

“जा की,” ती म्हणाली. “मी घर सांभाळते.”

मला कळेना की माझं काय चुकलं. मी चप्पल घालून तशीच उभी.

“अगं, आम्ही म्हणजे मला सोडून तुम्ही सगळे. मी पण येणार असेन तर आपण. शाळेत काय शिकवलं तुला?”

“दोन्हीला ‘वी’,” मी म्हणाले.

ती भिंतीला टेकून हसत सुटली. मग आम्ही दोघींनी खाली जाऊन डोसा खाल्ला. त्यानंतर मी चुकले की ती विचारायची, “कोण आम्ही? मी आहे का त्यात?” मी सुधारायचे. बोलताना हळूहळू जमायला लागलं. ऐकताना मात्र दोन्ही शब्द माझ्या डोक्यात एकाच खणात जाऊन पडत.

डोंगराची तयारी आम्ही बिल्डिंगच्या जिन्यात केली. पाठीवरच्या बॅगांमध्ये तांदळाच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या भरायच्या, लिफ्ट सोडून वरपर्यंत चढायचं, उतरायचं, परत चढायचं. घामाने टी-शर्ट पिळून निघायचा. जिन्याजवळ कुंड्यांना पाणी घालणाऱ्या शेजारच्या काकांनी एकदा विचारलं, “मूव्हिंग हाउस, आह?”

“नो, अंकल! क्लाइंबिंग माउंटन!” ती ओरडली.

“हिअर?”

ती पुढचा अख्खा मजला हसत चढली. मी काकांच्या पहिल्या प्रश्नापाशीच राहिले होते.

कारण एक जण होता. तिच्या ऑफिसातला, मूळचा ठाण्याचा. शनिवारी तो जेवायला यायचा, येताना पपई नाहीतर केळी आणायचा, आणि जेवण झालं की न सांगता बाह्या दुमडून भांडी घासायला लागायचा. माझ्याशी तो जपून बोलायचा, जसं घरातल्या मांजराशी नवा पाहुणा वागतो. त्याच्यात काही खोट सापडते का ते मी बरेच शनिवार पाहिलं. सापडली नाही.

फेब्रुवारीत आम्ही गेलो. बसने आम्हाला एका बंद रस्त्याच्या तोंडाशी सोडलं. हिवाळ्यात तो रस्ता बर्फाखाली जातो, आणि झाडांना बांधलेल्या गुलाबी फितींच्या खुणेने वर चढत गेलं की एक लाकडी झोपडी लागते. तिथे कोणी राखणदार नसतो. आपलं अंथरूण, आपलं जेवण घेऊन जायचं. माझी मैत्रीण याआधी हिमाचलात एकदा बर्फात चालली होती, त्यामुळे सगळं तिच्या म्हणण्याप्रमाणे चाललं होतं. गावातल्या दुकानातून भाड्याने घेतलेले स्नोशू तिनेच माझ्या बुटांना बांधले. स्नोशू म्हणजे बुटाखाली बांधायची रुंद फळी, खाली दात असलेली. त्याने पाय बर्फात खोल रुतत नाही. थोडा रुततोच.

“फाकवून चाल. बदकासारखं. अगं, स्वतःच्याच पायावर पाय देतेयस!”

मी पडले. उठायला हात टेकला तर हात खांद्यापर्यंत आत गेला. पाठीवरच्या बॅगेने मला उलटं धरून ठेवलं.

“कासव,” ती वरून बघत म्हणाली. “थांब, फोटो काढते.”

“आधी उचल ना!”

“आधी फोटो.”

पुढे चालणारीला ताज्या बर्फात वाट पाडावी लागते, ते दमवणारं काम असतं, म्हणून आलटून पालटून पुढे जायचं असतं. तिने मला पुढे येऊच दिलं नाही. मी तिच्या पावलांत पावलं टाकत राहिले. पांढऱ्या जंगलात कसलाच आवाज नव्हता, फक्त आमच्या फळ्यांची करकर. विचारायला याहून चांगली जागा मिळाली नसती. मी वाक्य तयार केलं, मोडलं, पुन्हा केलं. दम लागल्याचं निमित्त प्रत्येक वेळी खरंच होतं.

एका वळणावर आम्ही थांबलो. तिने फ्लास्कमधला चहा ओतला, मी शेंगदाण्याची चिक्की काढली. ती थंडीने इतकी कडक झाली होती की दाताने तुटेना. तुकडा तसाच चघळत, समोरच्या झाडांकडे बघत माझी मैत्रीण म्हणाली, “मार्चनंतर आम्ही मरीन परेडला जायचं म्हणतोय. कोपऱ्यावरचा फ्लॅट आहे. दोन बेडरूम. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणे, म्हणजे जहाजंच दिसतात, पण दिसतो.”

“भाडं जास्त असेल,” मी म्हणाले.

“आहे. पण जमेल.”

एवढंच बोलणं झालं. ती कप झटकून उठली आणि चालायला लागली.

त्यापुढची चढण मला जाणवलीच नाही. जे विचारायला मी इतक्या लांब आले होते त्याचं उत्तर न विचारताच मिळालं होतं. मी चालता चालता फ्लॅट लावत होते. मोठी खोली तिला. तिला कपाट मोठं लागतं, आणि शनिवारी तो येणारच. मला छोटी. मला ऑफिसला जायला तिथून लांब पडेल, बस बदलावी लागेल, काही हरकत नाही. बिशानमधला भाताचा कुकर माझा आहे, तो न्यायचा. मी मनातल्या मनात पडदेसुद्धा लावले. मी पुन्हा पडले तेव्हा स्वतःच हसले. तिने वळून पाहिलं आणि म्हणाली, “आवडलेलं दिसतंय बाईसाहेबांना.”

झोपडीत एक लोखंडी शेगडी होती आणि कडेला रचलेली लाकडं. अंधार पडायच्या आत तिने ती पेटवली. मी बाहेरून पातेलंभर बर्फ आणला आणि शेगडीवर ठेवला. तळाला थोडं पाणी न घालता नुसता बर्फ तापवला तर त्याला करपल्याचा वास लागतो, हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. पातेलंभर बर्फाचं वाटीभर पाणी झालं, तेही करपट. त्यात भात शिजवला आणि मेतकूट कालवून खायला बसलो. मला फार छान वाटत होतं. इतकं की मी आपणहून बोलले, जे मी सहसा करत नाही.

“मला छोटी खोली चालेल हं,” मी म्हणाले. “मरीन परेडची.”

तिचा हात ताटात थांबला.

“तसंही माझं सामान काही नाही. आणि तो आला तर तुम्हाला मोठी बरी पडेल.”

शेगडीतलं लाकूड फुटल्याचा आवाज झाला. मग अगदी हळू, एखाद्या लहान मुलीच्या हातातून काही काढून घ्यावं तसं, ती म्हणाली, “अगं... मी ‘आम्ही’ म्हणाले.”

मला लगेच कळलं. व्याकरण मला येत होतंच.

“मला वाटलं, तुला समजलं,” ती म्हणाली. “तू भाड्याचं बोललीस ना. मला वाटलं, बरं झालं, हिला सांगायचं होतं ते झालं. गेला महिनाभर मी सांगायचं म्हणतेय. म्हणून तर इकडे आणलं तुला.”

म्हणजे तीही हेच ठरवून आली होती. कोणी नसेल तिथे सांगायचं.

“लग्न?” मी विचारलं.

“मे महिन्यात. नाशिकला. तू येणार आहेस. तुला रजा काढायचीच आहे.”

“हो.”

“आणि शनिवारी राहायला यायचं. दर शनिवारी. दुसरी खोली आहेच.”

“हो, नक्की,” मी म्हणाले. भात गार झाला होता, मी तो संपवला. ती रडेल असं मला क्षणभर वाटलं आणि तसं झालं तर तिची समजूत कशी घालायची याची मी मनात तयारी केली. ती रडली नाही. तिने आमचे बूट आणि मोजे शेगडीजवळ नीट ओळीत लावले, पाण्याच्या बाटल्या गोठू नयेत म्हणून एक माझ्या स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी सरकवली, आणि चेन हनुवटीपर्यंत ओढून दिली. तिने जे जे केलं ते सगळं चांगलंच होतं.

सकाळी नवा बर्फ पडून आमची चढतानाची पावलं बुजून गेली होती. ती म्हणाली, “आता तू पुढे हो.” मी पुढे झाले. उतारावर ते तितकं अवघड नसतं. फिती शोधत, बदकासारखी चालत मी खाली आले. मागून ती अधूनमधून काहीतरी बोलत होती, मरीन परेडला चांगला बाजार आहे, तिथे मासे ताजे मिळतात. मी मान हलवत होते. ते तिला मागून दिसत असेल, असं मी धरून चालले.

घरमालकाला मी एकटीने उत्तर पाठवलं की आपण राहत नाही.

मार्चच्या सुरुवातीला शहराच्या दुसऱ्या टोकाला, चोआ चू कांगला मी एक खोली पाहायला गेले. घरमालकीण एक चिनी आंटी होत्या, पायात फुलाफुलांच्या स्लीपर. खोली स्वच्छ होती. एक पलंग, एक कपाट, खिडकीबाहेर समोरच्या ब्लॉकचे कपडे वाळत घातलेले. त्यांनी नियम सांगितले. फोडणी नाही, वास येतो. उकळलेलं काहीही चालेल. एसी रात्रीच. आणि रात्री कोणाला राहायला आणायचं नाही.

“फ्रेंड स्टे ओव्हर, नो, ओके?”

“ओके,” मी म्हणाले.

“शुअर आह? यंग पीपल ऑलवेज से ओके.”

मी म्हटलं, शुअर. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, त्यांचं समाधान झालं असावं, आणि वॉशिंग मशीन कसं लावायचं ते दाखवायला मला आत घेऊन गेल्या.