घोडा मीच मारायला दिला

आज रविवारी सकाळी सव्वाअकरा वाजता आपल्या बुद्धिबळ ग्रुपच्या संचालकांनी माझं खेळायचं खातं बंद केलं. मंडळी, कारण ऐका.

डाव त्यांच्याशीच चालू होता. त्यांचा राजा कोपऱ्यात प्याद्यांमागे दडला होता. मी घोडा मारायला दिला, उंट दिला, भिंत फोडली आणि वजिराने राजाला पटाच्या मधोमध फरफटत आणून ठार केलं.

लगेच संदेश आला, "काकू, खरं सांगा, चाली कोण सांगतं? मिस्टर?"

मी लिहिलं, "मिस्टर भिंतीवर आहेत, हार घालून. जिवंतपणीही मला काही सांगायला धजले नाहीत."

मग त्यांनी सर्वांसमोर माझ्या खेळाचं मूल्यमापन टाकलं: "एरवी सावध, घरगुती खेळ. असा रक्तपात बाईचा नसतो."

साहेब, माझं माहेर सांडोरचं, केळीच्या वाड्यांच्या गावचं. केळीचा घड उतरवला की तीच केळ आम्ही बुंध्यातून तोडतो, नव्या कोंबाला जागा हवी म्हणून. कॉन्व्हेंटचा गणवेश उतरवला की कोयता माझ्याच हातात असे. काम झालेल्या घोड्यासाठी मी रडेन?

माझी खरी खोट तुम्हाला दिसलीच नाही. मोजकी प्यादी उरली की मी घाई करते आणि हातातला डाव घालवते. ते लिहिलं असतंत तर मुकाट ऐकलं असतं.

निवृत्तीनंतर माझं रोजचं माणसांत जाणं याच पटावर आहे. मंडळी, तुम्ही माझ्याशी खेळला आहात. हा डाव माझा वाटत नाही?

आणि साहेब, उद्या संध्याकाळी सहाच्या आत इथेच लेखी सांगा: त्यातली कुठली चाल बाईला सुचली नसती?