पागोट्यातून सुटलेली वेणी

भूत, आत्मा, चमत्कार... यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर अजूनही नाही. पण नव्वद-एक्याण्णव साली नवीन पनवेलला, आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये, भर सकाळी जे घडलं ते माझ्यासोबत चाळीसएक जणांनी पाहिलंय. म्हणून लिहितेय.

मी तेव्हा तिथे शिकवायचे. शेजारच्या विचुंबे गावातून हिरामावशी आमच्या बिल्डिंगमध्ये भाजी विकायला यायच्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, तरी टोपली घेऊन तीन मजले चढायच्या. त्यांची एक गोष्ट ठरलेली. त्या लहान असताना, म्हणजे मुके सिनेमे निघायचे तेव्हा, कर्नाळा किल्ल्याच्या पायथ्याशी कुठल्याशा ऐतिहासिक सिनेमाचं शूटिंग झालं होतं. राजकुमार झालेला मुलगा घोड्याला घाबरून रडायला लागला. घोडा होता मावशींच्या वडिलांचा. मग बारा वर्षांच्या हिरालाच पागोटं बांधून वर बसवलं.

"असा पलवला घोडा, बाय! पन पागोटं उडालं नि वेनी सुटली. सायेब बोंबलला – कापा, ह्यो तुकडा कापा!"

त्यांचा मुलगा बाळाराम चारचौघांत टिंगल करायचा, "आयचा पिच्चर कोनी बगलाय का?" मावशी टोपली उचलून चालू लागायच्या. मला ते फार लागायचं.

त्या वर्षी आमच्या काही सिनेमावेड्या शिक्षकांनी पुण्याहून एक जुना मूकपट मागवला. मी त्याचं नाव सांगताच मावशी टोपली खाली ठेवून म्हणाल्या, "ह्योच तो!"

रविवारी सकाळी दहा वाजता खिडक्यांना सतरंज्या लावून शो सुरू झाला. मावशी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत. बाळाराम आला नाही – टेम्पोचं भाडं होतं म्हणे.

तंबू, तलवारी, सैन्य... पडद्यावरच्या पाट्या मी मावशींना हळू वाचून दाखवत होते. तासाभराने पडदा एकाएकी लख्ख झाला. मागे कर्नाळ्याचा सुळका! "अरे, हा तर आपला कर्नाळा!" कोणीतरी ओरडलं. धुळीतून एक घोडा सुसाट आला, वर इवलासा स्वार. पागोटं उडालं... आणि लांबलचक वेणी वाऱ्यावर! पोरगी आमच्याकडे बघून खदखदून हसली.

मावशी ताडकन उठल्या. "मी हाय! बाय, ती मी हाय!"

हॉलमध्ये टाळ्या, शिट्ट्या... थांबेचनात.

सिनेमा संपताच मी तशीच रिक्षा करून बाळारामला टेम्पो स्टँडवर गाठलं आणि घेऊन आले. मशीन चालवणाऱ्या देशपांडेकाकांनी त्याच्यासाठी सिनेमा पहिल्यापासून पुन्हा लावला. लोकही थांबले. तंबू आले, तलवारी आल्या, सैन्य आलं... सिनेमा संपला. घोडा नाही. कर्नाळाही नाही.

काकांनी सगळी रिळं उलगडून हाताने तपासली. "हा तुकडा यात नाहीये, मॅडम. पण मीसुद्धा पाहिला..."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाळाराम हसला नाही. सगळेच एकदम बोलत होते, म्हणून त्याने एका अनोळखी माणसाला बाजूला घेतलं. पुण्याहून पनवेलला बहिणीकडे आलेला पाहुणा होता तो, मावशींना पहिल्यांदाच बघत होता.

"दादा, तुमी काय बगलंत?"

"घोड्यावर छोटी मुलगी. पागोटं उडालं, वेणी सुटली... काय हसली हो ती!"

बाळाराम आईसमोर मटकन बसला. "आये, चुकलं माजं."

"रडतोस काय रं? मी परली नाय घोड्यावरनं!" मावशींनी त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि अख्खा हॉल हसला.

संध्याकाळी बाळारामने टेम्पो धुतला, पुढे बेंजो लावला आणि मावशींना सगळ्या विचुंब्यातून मिरवलं. नाचणाऱ्यांत मीही होते!

नंतर मी बऱ्याच जाणकारांना विचारलं. कापलेले तुकडे तेव्हा तिथल्या तिथेच टाकून देत, म्हणाले. कोणी म्हणालं, सामूहिक भास. असेलही... पण मावशींची गोष्ट कधीच न ऐकलेल्या त्या पाहुण्याला तीच वेणी कशी दिसली? मला आजही माहीत नाही. मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "माजा घोडा व्हता, बाय. आला मना भेटायला."