समक्ष पाहिले

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर हसतच आलो. कन्हेरीतल्या आमच्या घरातला मी पहिला ग्रॅज्युएट. डोळ्यांना दिसेल तेच खरं, ही घरचीच शिकवण... तरी हे लिहितोय.

नव्वदीच्या दशकाचा शेवट. बारामती भागातल्या एका साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात मी कॉम्प्युटरवर होतो. ऊसनोंदीचा प्रोग्रॅम माझाच. तोडीचा नंबर लागणीच्या तारखेवर लागायचा, म्हणून तो रकाना मी बंद ठेवला होता. क्लार्कला तारीख एकदाच टाकता यायची, नंतर नुसती दिसायची, बदलता यायची नाही. तो हक्क दोघांनाच - शेतकी अधिकारी आणि शेतावर जाऊन पाहणी करणारे इंदापूरचे तात्या. मी स्वतःलाही दिला नव्हता!

तात्या बांधावर उभे राहिल्याशिवाय तारीख मानायचे नाहीत. मग एका बोटानं टकटक करत शेऱ्यात इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे - 'समक्ष पाहिले'. एका पावसाळ्यात ते वारले. हक्क असलेल्यांच्या यादीतून त्यांचं नाव मीच काढलं.

पुढच्या जानेवारीतल्या एका दुपारी लोणी भापकरच्या कौसाबाई आल्या. क्लार्कनं त्यांच्या उसाला लागणीऐवजी नोंद केल्याची तारीख टाकलेली. नंबर दोन महिने मागं गेला होता.

"दीड वरीस झालं, नागपंचमीच्या आधीची लागण हाय, सायब. तुरा आलाय. आता वाळून चिपाडं व्हत्याल."

"मावशी, शेतकी साहेब रजेवर आहेत. मला अधिकार नाही."

"मशीन तुमचं, आन् तुमालाच अधिकार न्हाय व्हय?" त्या हसल्या, पण डोळे भरलेले. "तात्या येऊन बघून गेल्ते. त्येंना इचारा."

"तात्या वारले, मावशी."

त्या उठल्या. दाराबाहेर पायरीवर जाऊन बसल्या. मी मशीन बंद केलं, खोलीला कुलूप लावलं आणि जेवायला गेलो.

परतलो तेव्हा त्या तिथंच.

"आत कोण हाय ओ? मघाधरनं टकटक चाललीया... एका बोटाची."

किल्ली माझ्या खिशात होती. दार उघडलं. मशीन बंदच. चालू करून त्यांची नोंद काढली - तारीख नागपंचमीच्या आधीची. बदल करणारा : तात्या. शेरा : समक्ष पाहिले.

दुसऱ्या दिवशी मी लोणी भापकरला गेलो. तुरा डोक्याच्या वर डुलत होता. साहेब आल्यावर त्यांना एवढंच सांगितलं, "तारीख बरोबर आहे, मी बांधावर जाऊन आलोय." कौसाबाईंचा ऊस वेळेत तुटला.

यादीत नसलेल्या माणसाला तो रकाना कसा उघडला? प्रोग्रॅमची ओळ न् ओळ मी तपासली. चूक सापडली नाही... खरं सांगतो, सापडू नये असंच वाटत होतं.