पावाच्या कडा

प्रश्न असा होता: संध्याकाळी शाळेतून घरी पोहोचलेल्या बाईला तीन माणसांचे पोटभर आणि सकस जेवण अर्ध्या तासात पावावर करता येईल का?

हा प्रश्न मला हौसेने पडलेला नव्हता. कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आदल्या वर्षी आई गेली. मी सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवत होते. घर मिरजेत होते. आबा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत होते. त्या सहामाहीत त्यांना रात्रपाळी होती आणि ते सात वाजता घर सोडत. माझी एस.टी. मला सव्वासहाला घरी पोहोचवी. धाकट्या बहिणीचे मॅट्रिकचे वर्ष होते; तिला चुलीशी बसवायचे नाही, असे आईने मला बजावून ठेवले होते. चूल पेटवण्यापासून भाकरी-कालवण ताटात पडेपर्यंत सव्वा तास लागे. हे मी घड्याळ लावून तीनदा मोजले.

दिवसकार्य उरकल्यावर आत्या, आबांची थोरली बहीण, जायला निघाली. उंबऱ्याशी थांबून म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमच्या शाळेनं घर चालतंय व्हय? माझा भाऊ उपाशी ड्यूटीला जातोय."

"दिवाळीपतोर बघा, आत्या."

"बघू की. दिवाळीला येणारच हाय मी. त्यो असाच वाळत गेला असंल, तर राजीनामा लिहायचा. तुझा तूच लिही. अक्षर चांगलं हाय तुझं."

अशा रीतीने माझी नोकरी राहणार की जाणार, हे आबांच्या ताटावर येऊन ठरले.

पाठ्यपुस्तकात सँडविचवर एक धडा होता. तो मी मुलींना दोनदा शिकवला होता; रात्रीचे जेवण म्हणून कधी केला नव्हता. मी त्यात आमच्या घराला साजेल ते घातले. मोड आलेली मटकी सकाळीच हळद-मीठ घालून वाफवून ठेवावी. संध्याकाळी ती पळीने थोडी ठेचावी आणि तिच्यात बारीक कांदा, कोथिंबीर व लिंबू घालावे. पावाचे काप फार पातळ करू नयेत. एका कापाला लोणी लावावे, दुसऱ्याला दह्यात कालवलेली शेंगदाण्याची चटणी. मध्ये मटकी पसरावी, वर काकडीच्या चकत्या ठेवाव्यात. काकडीवर मीठ अगदी शेवटी घालावे, कारण आधी घातल्यास पाणी सुटते आणि पाव भिजतो. मग चारी कडा कापून टाकाव्यात आणि तिरका छेद द्यावा. पुस्तकात असेच होते. एकूण बावीस मिनिटे लागली.

आबांनी एक त्रिकोण उचलला, अर्धा खाल्ला, उरलेला ताटात ठेवला आणि पाणी प्यायले.

"भूक न्हाई गं," म्हणाले, आणि निघाले. बहिणीने पाच खाल्ले.

प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, असा नियम आहे. मी तो पाळला. एका दिवशी हिरवी मिरची वाढवली. दुसऱ्या दिवशी पाव तव्यावर भाजला. मग मटकीऐवजी उकडलेले अंडे घातले. आबा अर्धा त्रिकोण खात आणि पाणी पीत.

"अक्का," बहीण म्हणाली, "उद्या काकडीला फूटपट्टी लाव. एकसारखी झाली की खातील आबा."

मी खरोखरच चकत्या पातळ करून पाहिल्या.

असे तीन आठवडे गेले. आबांनी कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने एक नवे भोक पाडलेले मी पाहिले. त्या दिवसांत मला रडू येत नसे आणि काळजीही नीट वाटत नसे. मी वहीत फक्त लिहीत असे: आज अर्धा. आज अर्धा. आज शिवले नाहीत.

मग एका संध्याकाळी सांगली-मिरज रस्त्यावर एस.टी.चे चाक पंक्चर झाले. मी घरी पोहोचले तेव्हा सातला पाच मिनिटे कमी होती. बहिणीने पुस्तक बाजूला ठेवून पाव भरले होते. काप एक जाड, एक पातळ. कुठे मटकी बाहेर आलेली. आबा बूट घालून उभ्यानेच तिसरे खात होते.

"लय दणकट झालंय," ते म्हणाले, हात जुन्या धोतराच्या फडक्याला पुसला आणि गेले.

"काय घातलंस?" मी बहिणीला विचारले.

"तुझंच सगळं. कडा कापायला वेळ कुठं हुता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा पाळीवरून आले. ते मोरीत पाय धूत असताना मी विचारले, "आबा, तुमाला पावाच्या कडा आवडत्यात व्हय?"

त्यांनी दुसऱ्या पायावर पाणी ओतले. "आवडायचं काय त्यात. कडा काढल्या की दवाखान्यातली बशी दिसती."

आई दोन महिने मिरजेच्या एका दवाखान्यात होती. तिला चावता येत नसे. मी रोज संध्याकाळी त्याच बेकरीचा पाव आणून, त्याच सुरीने त्याच्या कडा काढी आणि मऊ भाग दुधात भिजवी. पाळीवर जाण्यापूर्वी आबा तो तिला चमच्याने भरवत. शेवटी शेवटी बशी भरलेलीच परत येई. कडा मी पुस्तकाप्रमाणे कापते आहे, अशी माझी समजूत होती.

मी "बरं" म्हणाले आणि एस.टी. गाठायला निघाले.

त्यानंतर कडा ठेवल्या. दिवाळीला आत्या आली. तिच्यापुढे एक सँडविच ठेवले, तेव्हा तिने ते उलटून पाहिले. "दवाखान्यातलं खाणं हे."

"मला आणिक एक दे," आबा मला म्हणाले.

आत्याने त्यांच्या पट्ट्याकडे पाहिले. तो जुन्या भोकावर आला होता. तिने एक घास खाल्ला, मीठ मागितले, आणि राजीनाम्याचा विषय काढला नाही. मी त्याच शाळेतून निवृत्त झाले. गृहशास्त्राच्या परीक्षेत "कडा कापाव्यात" हेच उत्तर बरोबर धरायचे असे. मी ते तसेच धरत आले.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर असे: मटकी सकाळी वाफवून ठेवली असेल, तर बावीस मिनिटांत जेवण होते, कडा ठेवल्यास एकोणीस मिनिटांत. मात्र हे एकाच घरातले, तीन माणसांवरचे निरीक्षण आहे. वाचकांनी घड्याळ लावून आपल्या घरी करून पाहावे, एकदा कडा ठेवून आणि एकदा काढून, आणि ताटात काय उरते ते स्वतः तपासावे.