फ्रूट सॅलडची वाटी

शिरड शहापूरच्या धोंडबारावांनी काढे-चूर्णं देऊन चाळीस वर्षं गावाची पोटं सांभाळली. दुधात आंबट फळ म्हणजे विष, नुसतं पाहूनच त्यांना मळमळायचं. नात मंजुषाच्या साखरपुड्याला ते जवळा बाजारला गेले, तर पानात फ्रूट सॅलड! फाटलेल्या दुधात संत्र्याच्या फोडी मेलेल्या मासोळ्यांसारख्या तरंगत होत्या.

"काहून थांबले, आबा? आमच्या घरचं गोड चालत न्हाई व्हय?" होणाऱ्या विहीणबाईंनी टोमणा मारला.

मंजुषाचा चेहरा उतरला. वाटी तशीच ठेवली, तर सोयरीकच बिनसायची. आबांनी डोळे मिटले, श्वास रोखला आणि तो गिळगिळीत ऐवज न चावताच घशाखाली ढकलला. रिकामी वाटी घाईघाईनं खाली ठेवली.

"अगं बाई, लईच आवडलं की!" म्हणत विहीणबाईंनी वाटी पुन्हा काठोकाठ भरली.