हात धरू का?

कुणी हे वाचलंच तर चुका पोटात घालाव्यात. शाळा चौथीतच सुटली, अक्षरही वाकडंतिकडं आहे.

काल दवाखान्यात बीपी तपासायच्या रांगेत होते. सिस्टर प्रत्येकीला आधी विचारत होत्या, "हात धरू का?" माझ्या पुढची म्हातारी हसली, "धर की गं, मी काय पळून जाते का?"

माझी पाळी आली आणि मी हात मागे घेतला. नवरा माझं मनगट पिरगळायचा. त्याचं घर सोडून भावाकडे आले, पण हात कुणी धरलेला अजून सोसत नाही. कासारणीपुढेही बसत नाही. वहिनी म्हणते, "चार बांगड्या भरायला एवढे नखरे?"

सिस्टरनी कारण विचारलं नाही. पट्टा माझ्याकडे दिला. "तुम्हीच गुंडाळा, ताई." मग हळूच म्हणाल्या, "शेवटच्या खोलीत एक बाई बसतात, घरी मार सोसलेल्या बायकांसाठी. सगळं सांगायलाच पाहिजे असं नाही. नुसतं बसलात तरी चालेल."

किती साधं विचारणं. लग्नाआधी, लग्नानंतर, कुणीतरी एकदा मला असं विचारायला हवं होतं. हिरव्या काचेची किणकिण आपल्या हातावर ऐकावी, असं अजून फार वाटतं.

मी त्या खोलीत गेले. बाई उठून दारापाशी आल्या. "लावून घेऊ की उघडं राहू दे?"

मी दाराची कडी चाचपून पाहिली. त्या थांबल्या.

मग म्हटलं, "अर्धं लावा."