पिवळ्या पाकिटातलं उत्तर

ताईंना रिकामा रकाना बघवत नसे. कुणाच्या अर्जात रक्तगट लिहायचा राहिला, की यांचा जीव वरखाली! बावीस वर्षांपूर्वी त्या संस्थेत करारपत्रं टाइप करायला लागल्या, आणि आता कुठल्याकुठल्या देशांत मदतीला जाणाऱ्या माणसांची भरती, बदली, रजा, विमा, सगळं त्यांच्या सहीनं हलत होतं. पुढच्या महिन्यात तर मुख्यालयात सगळ्यात वरची खुर्ची मिळायची होती. "ताईंच्या टेबलावरून अर्धवट कागद सुटला तर सूर्य पश्चिमेला उगवेल," असं कॅन्टीनमध्ये लोक म्हणत, आणि ताई गालातल्या गालात हसत. कौतुक कुणाला नको असतं हो?

पिवळं पाकीट ही त्यांचीच कल्पना. धोक्याच्या भागात जाणाऱ्यानं एक प्रश्न आणि त्याचं खरं उत्तर स्वतःच्या हातानं लिहायचं, पाकीट चिकटवून ताईंकडे द्यायचं. उद्या माणसाला कुणी पळवलंच, तर पळवणाऱ्यांना तो प्रश्न विचारायचा. उत्तर जुळलं म्हणजे माणूस जिवंत आहे आणि त्यांच्याच ताब्यात आहे. मगच पुढची बोलणी. एका कारकुनानं दुसऱ्याच्या पाकिटात स्वतःच काहीतरी खरडलं, तेव्हा ताईंनी त्याला दुपारच्या आत घरी बसवलं. बिचारा हातापाया पडला, पण बाई बधल्या नाहीत.

आणि हा आपला ड्रायव्हर. सगळे त्याला बडबड्या म्हणत. गाडीची काच कधी वर करायचा नाही. मागे बसलेल्यांचे थंडीनं दात वाजले तरी म्हणायचा, "वारा फुकट आहे, खा की!" पालीला घाबरतो म्हणून ऑफिस त्याची टर उडवायचं, आणि तो स्वतःच खुर्चीवर चढून किंचाळायची नक्कल करायचा.

दीड महिन्यापूर्वी औषधांच्या गाड्या निघाल्या, त्या सकाळी त्यानं घाईघाईत प्रश्न लिहिला, 'मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?' खाली हॉर्न वाजायला लागले. "उत्तर परत आल्यावर लिहितो, ताई," म्हणत तो जिना उतरलासुद्धा. लिफ्ट समोर उभी होती, तरी जिन्यानंच गेला.

दुपारी फाइली तपासायला माणसं यायची होती. ताईंनी तो रिकामा रकाना पाहिला आणि पेन उचललं. यात विचारायचं काय? अख्ख्या ऑफिसला माहीत होतं. त्याच्यासारखंच गिचमिड अक्षर काढून त्यांनी 'पाल' असं लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि चहाला गेल्या.

बडबड्याला पळवून आज नववा दिवस होता. मध्यस्थामार्फत प्रश्न गेला आणि सकाळी साडेअकराला उत्तर आलं. सुरक्षाप्रमुखांनी सगळ्यांसमोर पाकीट फोडलं.

"ते म्हणतात, बंद दार. आपल्याकडे आहे पाल," ते म्हणाले. "एक तर हे भलतेच लोक आहेत, नाहीतर आपला माणूस राहिलेला नाही. बाराला बोलणी तोडतो. एकदा तोडली की ते पुन्हा फोन उचलणार नाहीत. ताई, त्याच्या बायकोला तुम्हीच कळवा."

ताईंना एकदम आठवलं. उघडी काच. चार मजल्यांचा जिना. त्या कशाबशा आपल्या खोलीत आल्या आणि बसल्या. गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? अक्षरही त्याच्यासारखंच काढलेलं. मुख्यालय, ती खुर्ची, बावीस वर्षं, आणि तो हातापाया पडणारा कारकून. घड्याळ समोरच होतं. त्या पंचवीस मिनिटं बसून राहिल्या. कसली बाई मी, असं त्यांच्या मनात आलं, आणि तरी त्या उठल्या नाहीत.

शेवटी त्यांनी बडबड्याच्या बायकोला फोन लावला. "वहिनी, एक विचारू? त्याला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?"

"लहानपणी काकानं त्याला दोन दिवस कोठीत कोंडलं होतं हो. तेव्हापासून दार लावलं की दरदरून घाम फुटतो. लोक हसतील म्हणून पालीचं सोंग करतो. का हो ताई? काही कळलं का?"

ताई उत्तर न देता तशाच धावल्या, फोन हातातच. दार ढकलून त्या ओरडल्या, "तो जिवंत आहे! उत्तर त्याचंच आहे. पाकिटातलं मी लिहिलंय. मी, माझ्या हातानं!"

सुरक्षाप्रमुखांनी नुकताच फोन खाली ठेवला होता. भिंतीवर बारा वाजून चार मिनिटं झाली होती. त्यांनी ताईंकडे एकदा बघितलं आणि पुन्हा नंबर फिरवला. बंद. परत फिरवला. बंद.

तेवढ्यात ताईंच्या मुठीतून बारीक आवाज आला. चालू राहिलेल्या फोनवर त्याच्या बायकोनं सगळं ऐकलं होतं. ती रडत होती आणि हसतही होती.

"जिवंत आहे ना हो, ताई? देवासारख्या धावलात. आता एवढंच करा, त्या लोकांना सांगा, काय हवं ते घ्या म्हणावं, पण खोलीचं दार तेवढं उघडं ठेवा. सांगाल ना?"

सुरक्षाप्रमुख सातव्यांदा नंबर फिरवत होते. ताईंनी फोन कानाला लावला आणि म्हणाल्या, "सांगते, वहिनी."